दोन रंगांचे हातमोजे: एका हातावरचं फूल उठून दिसतं, दुसऱ्यावरचं दबलंय. असं का?

किल्ल्याखालची (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी,

प्रश्न शेवटी आहे. आधी सगळं नीट सांगते, कारण कुठे चुकलं ते या सांगण्यातच असणार आणि तुमच्यापैकी कुणाला तरी ते दिसेल.

माझी आई ८१ वर्षांची आहे. आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहतो, दगडी जिन्याच्या जुन्या घरात. जानेवारीत इथे पहाटे पारा ४-५ डिग्रीवर येतो आणि धुकं धरलं तर अकरा-साडेअकरापर्यंत ऊन दिसत नाही. ऊन आलं की आईला गच्चीवर खुर्चीत बसवायचं, हा आमचा थंडीतला नेम. संधिवातानं तिची बोटं वाकली आहेत. पाच बोटांचे हातमोजे घालायचे तर एकेक बोट धरून आत सारावं लागतं. तिला दुखतं, आणि तिला दुखतं म्हणून माझ्याच्यानं घालवत नाहीत. म्हणून यंदा ठरवलं की अंगठा तेवढा वेगळा आणि चारही बोटं एकत्र, असे पिशवीसारखे हातमोजे विणायचे. हात आत गेला की झालं. आणि विणायचेच तर दोन रंगांचे, नक्षीचे.

मी विणायला लागले त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. वेण्या, जाळ्या, सगळं करून झालंय, घरातल्या प्रत्येकाकडे माझा एक तरी स्वेटर आहे. पण दोन रंग मी फक्त स्वेटरच्या काठाला घातले होते, तेही सरळ सुयांवर, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक उलट. उलट ओळीत नक्षी आपल्याकडे पाठ करून बसते, सगळे धागे पुढ्यात येतात आणि टाके मोजता मोजता जीव मेटाकुटीला येतो. गोल विणलं की प्रत्येक फेर सुलटच. नक्षी सगळा वेळ तुमच्याकडे तोंड करून असते. यात किती सुख आहे ते मला वयाच्या ५९व्या वर्षी कळलं.

नक्षी कुठून घेतली तेही सांगते. आईच्या रुखवतातला एक टेबलक्लॉथ आहे, दसूतीवर फुलीच्या टाक्यानं भरलेला. त्याच्या चारी कोपऱ्यांत आठ पाकळ्यांचं एकेक फूल आहे. प्रत्येक पाकळी म्हणजे एक तिरकी शंकरपाळी, मधल्या बिंदूला टोक टेकवलेली. लहानपणी तापानं पडले की मी त्या पाकळ्यांवरून बोट फिरवत पडायचे. भिंग घेऊन फुल्या मोजल्या तर उभ्या २९ आणि आडव्या २९ निघाल्या. नातवाच्या गणिताच्या वहीतलं चौकटीचं पान मागून घेतलं आणि फूल त्यावर उतरवलं.

हिशेब असा बसला. ४ प्लाय शुद्ध लोकर, १२ नंबरच्या मोज्याच्या सुया (दोन्ही बाजूंना टोक असलेल्या, आईच्याच जुन्या), इंचाला आठ टाके. आईच्या पंजाचा घेर साडेसात इंच, थोडा सैल हवा म्हणून आठ, म्हणजे ६४ टाके. त्यातले ३१ हाताच्या पाठीवर, मध्ये मरून जमिनीवर २९चं मोतिया (पिवळसर पांढरं) फूल आणि दोन्हीकडे एकेक मरून टाका. ३१ तळव्याला, तिथे एक मरून एक मोतिया, बुद्धिबळाच्या पटासारखं. उरलेले दोन दोन्ही कडांच्या उभ्या रेघांना. मनगटाची पट्टी १३ नंबरवर ५६ टाक्यांची, एक सुलट एक उलट, नुसती मरून. ती संपली की ८ टाके वाढवले.

पहिल्या चार-पाच फेरांत काहीच कळत नाही. इकडेतिकडे साबुदाणा सांडल्यासारखे मोतिया टाके दिसतात, बस. सातव्या-आठव्या फेराला पाकळ्या आकार धरतात. मग दर फेराला कड एका टाक्यानं सरकते आणि ते सरकणं हाताला कळायला लागतं. पंधराव्या फेराला फुलाचा मध्य येतो. तिथून पुढे तेच सगळं उलट्या क्रमानं, कागद बाजूला ठेवला तरी चालतं. रात्री साडेदहाला मी ठरवते की हा फेर झाला की झोपायचं, आणि फेर संपतो तेव्हा पाकळी अर्धी असते. अर्धी पाकळी सुईवर ठेवून मला उठवत नाही. मी मोजते ते तोंडानं. ‘तीन मोतिया, एक मरून, पाच मोतिया.’ आई पांघरुणातून माझ्यामागे म्हणते. एकदा मी पाचाच्या जागी चार म्हटलं तर म्हणाली, ‘मागच्या खेपेला पाच होते.’ होते पाचच.

आणि मागची बाजू. आईची नजर आता फार अधू झालीय. विणकाम हातात दिलं की ती सगळ्यात आधी ते उलटं करते. ही तिची पूर्वीपासूनची सवय, शेजारणीचा स्वेटरसुद्धा ती आतून बघायची. दोन रंगांत विणताना एक रंग टाका होतो तेव्हा दुसरा मागून आडवा जातो. ते आडवे धागे ओढले गेले तर वीण आखडते, फार सैल राहिले तर लोंबतात. आई त्यांच्यावरून अंगठ्याची कड फिरवते, पोथीच्या ओळीवरून बोट न्यावं तशी. एका जागी थांबली आणि म्हणाली, ‘इथे कुणी आलं होतं का गं दाराशी?’ दूधवाला आला होता. मी फेर अर्धा टाकून उठले होते आणि परत बसल्यावर पहिलाच धागा घट्ट ओढला होता. तो एकच.

अगदी पहिला प्रयत्न पूर्ण उसवावा लागला होता. २० फेर झाले आणि घालून बघितलं तर अंगठ्याच्या हाडापुढे जाईना. टाके तेवढेच, सुया त्याच, पण मागचे धागे आखूड. मग रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे शेवटचे आठ-दहा टाके बोटांनी पसरून घ्यायला लागले. धागा त्या पसरलेल्या अंतरावरून गेला की पुरेसा लांब राहतो. त्यानंतर आखडणं थांबलं. पाचपेक्षा जास्त टाके एका रंगात सलग येत असतील तर मध्ये एकदा मागचा धागा विणीत अडकवून घेते.

उजव्या हाताचा हातमोजा असा ११ संध्याकाळी झाला. फार देखणा झाला. मरून जमिनीवर मोतिया फूल अगदी ताटात काढल्यासारखं.

मग भाचीनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात बाई दोन्ही हातांत एकेक रंग धरून विणत होती. मी आजवर दोन्ही धागे उजव्या हातानंच घालत आले, एक सोडायचा, दुसरा उचलायचा. दोन हातांची पद्धत मला दोन दिवसांत जमली. डाव्या हाताचा हातमोजा सहा संध्याकाळीत झाला! आतून तर पहिल्यापेक्षा स्वच्छ, धागे एकमेकांत गुंतले नाहीत, आईनंही अंगठा फिरवून मान हलवली.

पण दोन्ही पलंगावर शेजारी ठेवले आणि माझा जीव खट्टू झाला. डाव्यावरचं फूल दबलंय. आहे तेच फूल, तेवढंच मोठं, पण मरूनमध्ये बुडाल्यासारखं, पाकळ्यांच्या कडा बारीक झाल्यासारख्या. लोकर एकाच दुकानातून एकाच दिवशी आणलेली, पट्टीवरचा लॉट नंबरही एकच, बघितला. सुया त्याच, टाके तेवढेच, माप घेतलं तर दोन्ही तंतोतंत सारखे. दिव्याखाली बघा, उन्हात बघा, फरक दिसतोच.

कशानं झालं असेल? आणि काही करता येईल का?

छप्पनजवळची (इंदूर)

ताई, आधी आईंना नमस्कार सांगा. दूधवाल्याचं वाचून मी दोनदा हसले आणि मग माझ्या आजीची आठवण येऊन गप्प बसले.

माझा अंदाज असा की दुसऱ्यात तुमचा हात सैल पडला असेल. नवीन पद्धत म्हटली की ताण बदलतोच. धुऊन बघितलंत का? शुद्ध लोकर आहे म्हणता, तर कोमट पाण्यात पाऊण तास भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून सावलीत वाळवा. नक्षीचं विणकाम धुतल्यावर फार सुधारतं, टाके आपापल्या जागी बसतात. पण धुण्याआधी मरूनचा एक तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवा. रंग सुटला तर मोतिया गुलाबी व्हायला वेळ लागत नाही. माझ्या मुलीच्या टोपीचं तसं झालं होतं, लाल-पांढरी होती, धुतली आणि सगळी फिकट गुलाबी. अजून कपाटात आहे.

ताणाबाणा (बडोदे)

किल्ल्याखालची ताई, तुमचं उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय. पहिला हातमोजा दोन्ही धागे एका हातात धरून झाला आणि दुसरा दोन हातांत. फरक तिथे आहे. ताण सैल पडला असता तर माप बदललं असतं, ते तुम्ही मोजून बघितलंय.

मी हातानं विणत नाही. नोकरी सगळी विणाईच्या मशीनवर गेली, त्यामुळे धागा कुठून निघतो आणि कुठे जातो हे बघायची सवय लागली. दोन रंग एका फेरात चालतात तेव्हा मागच्या बाजूला ते दोन थरांत जातात. एक रंग नेहमी वरून ओलांडतो, दुसरा नेहमी खालून. खालून येणाऱ्या धाग्याला टाक्यापर्यंत पोचायला किंचित जास्त अंतर जावं लागतं, म्हणून त्याच्या टाक्यात धागा किंचित जास्त भरतो. टाका केसभर मोठा होतो आणि पुढे येतो. वरून जाणाऱ्या रंगाचा टाका तेवढाच बारीक राहतो आणि मागे सरकतो. एका टाक्यात हे दिसणार नाही. तुमच्या एका हातमोज्यात पाच हजारांवर टाके असतील, तेव्हा दिसतं.

म्हणून नियम असा की जो रंग उठून दिसायला हवा, म्हणजे फुलाचा, तो कायम खालून यायला हवा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मध्येच बदलला तर एकाच हातमोज्यावर अर्धं फूल उठेल आणि अर्धं दबेल.

आता दोन हातांच्या पद्धतीत डाव्या हातातला धागा आपोआप खालून येतो आणि उजव्या हातातला वरून जातो. तेव्हा मला एवढंच सांगा, दुसऱ्या हातमोज्याच्या वेळी डाव्या हातात कोणता रंग होता? आणि पहिल्याच्या वेळी दोन गुंडे कुठे ठेवले होते?

किल्ल्याखालची (ग्वाल्हेर)

दादा, तुमचं वाचलं आणि चहा तसाच ठेवून उठले.

डाव्या हातात मरून होता. मरून जास्त लागतो, जमीन त्याचीच, म्हणून मी तो डावीकडे घेतला. वाटलं, मुख्य रंग म्हणजे तिथेच शोभेल. आणि पहिल्याच्या वेळी मरूनचा गुंडा माझ्या उजवीकडे स्टुलावर होता आणि मोतियाचा खाली जमिनीवर वेताच्या परडीत. मोतिया मी प्रत्येक वेळी खालूनच उचलत होते. ठरवून नाही. परडी खाली होती म्हणून.

दोन्ही उलटे करून आतून बघितले. पहिल्यात मोतियाचे आडवे धागे खालच्या अंगाला जातात, मरूनचे वरच्या. दुसऱ्यात बरोबर उलट. इतके दिवस आतली बाजू बघत होते ती ताणासाठी. कोण वर आणि कोण खाली हे बघायचं कधी सुचलंच नाही.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून काल रात्री २० टाक्यांचा एक छोटा नमुना विणला. दहा फेर मोतिया डाव्या हातात, पुढचे दहा मरून डाव्या हातात, नक्षी तीच, एक सोडून एक. खालचा अर्धा भाग मोतियाकडे झुकतो, वरचा मरूनकडे. चौकटी तेवढ्याच आणि लोकर तीच! भाचीला फोटो पाठवला तर तिनं विचारलं, ‘मावशी, वर दुसरी लोकर घेतलीस का?’

आणि आईचं सांगते. मी तिला यातलं काहीच बोलले नव्हते. दुपारी गच्चीवर दोन्ही हातमोजे तिच्या मांडीवर ठेवले, या खेपेला सुलट बाजू वर ठेवून, आणि विचारलं, ‘फूल कळतं का?’ तिनं अंगठ्याची कड उजव्यावर फिरवली, थांबत थांबत, आणि पाकळीच्या कडेनं बरोबर गेली. एक, दोन, तीन, मध्याला आली, पुढे गेली. डाव्यावर फिरवली आणि म्हणाली, ‘हा गुळगुळीत आहे.’

म्हणजे हे नुसतं दिसण्यापुरतं नाही. ज्या रंगाचा टाका पुढे येतो तो तिच्या हाताला लागतोय. मी डावा उसवणार.

छप्पनजवळची (इंदूर)

सहा संध्याकाळींचं काम! पण ‘हा गुळगुळीत आहे’ वाचल्यावर मीही उसवला असता. दादा, तुमचं म्हणणं मी आज माझ्या जुन्या टोप्यांवर ताडून बघितलं. तीन टोप्या, तिन्हींत मध्येच कुठेतरी मी धागे अदलाबदल केलेत, आणि तिथे तिथे नक्षी विझल्यासारखी दिसते. मला वाटायचं लोकर जुनी झाली.

ताई, एक विचारायचं होतं. आईंची बोटं वाकलेली आहेत म्हणता, तर हात घालताना आतल्या आडव्या धाग्यांत नखं अडकत नाहीत का? माझ्या सासऱ्यांना असेच विणले होते तेव्हा हाच त्रास झाला. मग मी दर तीन टाक्यांनी मागचा धागा अडकवायला लागले. पण एक सांभाळा, लागोपाठच्या फेरांत तो एकाच जागी अडकवू नका, पुढून त्या जागी एक उभी रेघ दिसायला लागते. जागा बदलत राहा.

आणि लोकर शुद्ध घेतलीत हे फार बरं केलंत. आमच्याकडे दुकानात मागितली की नव्वद टक्के वेळा ॲक्रिलिकच पुढ्यात येतं. त्याचे धागे निसरडे, जागचे हलतात. खऱ्या लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात, ते एकमेकांना धरतात. दोन-तीन धुण्यांत आतले धागे विणीला चिकटून बसतात आणि मग नखही अडकत नाही.

लाटव्हियातल्या हातमोज्यांबद्दल कुणाला वाचायला आवडत असेल तर जरूर शोधा. तिथे मुली लग्नाच्या कितीतरी आधीपासून पेटी भरून हातमोजे विणायच्या आणि लग्नात ते सासरच्या माणसांना वाटायचे. आपल्याकडचं रुखवत आठवतं की नाही? २००६ साली रीगाला नाटोची परिषद झाली तेव्हा आलेल्या पाहुण्यांना हातानं विणलेले ४५०० जोड भेट दिले होते. मी त्यांचे फोटो तासन् तास बघितले आहेत. मनगटाशी झालर काय, वेणीसारखी आडवी गोठ काय, आणि एका इंचात इतके टाके की मोजवत नाहीत.

माहेर छावणीतलं (ट्रॉन्डहाइम, नॉर्वे)

ग्वाल्हेर बघून थांबले. माझं माहेर शिंद्यांच्या छावणीत आहे, ताई. जानेवारीतलं धुकं आणि गच्चीवरची खुर्ची वाचून डोळे भरून आले.

तुमच्या आईंच्या टेबलक्लॉथवरचं फूल इथे रोज दिसतं. बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी, लहान मुलांच्या हातांवर. ट्रॉन्डहाइमपासून जवळच सेलबू नावाचं गाव आहे आणि या फुलाला सगळे सेलबूचं गुलाब म्हणतात. १८५७ साली तिथल्या मारित गुल्डसेटब्रुआ नावाच्या मुलीनं काळ्या-पांढऱ्या दोन रंगांत आठ पाकळ्यांचे हातमोजे विणले. ती आणि तिच्या बहिणी ते घालून चर्चमध्ये गेल्या आणि लोक बघत राहिले. ती तेव्हा सोळा वर्षांची होती. बघता बघता गावातल्या सगळ्या बायका ते विणायला लागल्या, पुढे ते विकले जाऊ लागले आणि कितीतरी घरांना त्याचा हातभार लागला. आज सेलबूच्या बोधचिन्हावर तीन गुलाबं आहेत, तीच, आठ पाकळ्यांची. तसं हे आठ टोकांचं फूल त्याआधीही बऱ्याच देशांच्या कापडावर आणि भरतकामात होतं. चौकटी मोजून काम करणाऱ्या कुणाच्याही हातून ते निघतंच. दसूती काय आणि सुया काय, दोन्हीकडे चौकटच आहे.

तिथल्या संग्रहालयात मी जुने हातमोजे काचेतून बघितले आहेत. तुमच्यासारखंच, पाठीवर मोठं फूल, तळव्याला बारीक नक्षी, बोटांकडे टोकदार निमुळतं. तळव्याला बारीक नक्षी असते त्याला कारण आहे. मागचे धागे आखूड राहतात आणि जिथे हात सगळ्यात जास्त घासतो तिथे वीण घट्ट होते. तुमचा बुद्धिबळाचा पट अगदी योग्य आहे.

इथल्या थंडीत दोन रंगांचे हातमोजे का लागतात हे पहिल्या हिवाळ्यात कळलं. मागून जाणाऱ्या धाग्यांमुळे वीण दुहेरी होते आणि दोन थरांच्या मध्ये हवा अडकते. एकरंगी हातमोज्यातून वारा आत येतो, यातून येत नाही. आईंच्या हाताला तो आतला थर नक्की जाणवत असेल.

एक सुचवू का? आखडण्याची भीती वाटत असेल तर विणकाम आतली बाजू बाहेर काढून विणतात. म्हणजे नळी उलटी करायची आणि पलीकडच्या कडेवर विणायचं, नक्षी नळीच्या आतून दिसते. मागचे धागे तेव्हा बाहेरच्या अंगानं वळसा घेतात आणि एका सुईवरून दुसरीवर जाताना आखूड पडत नाहीत. पण मग फूल तोंडासमोर राहत नाही. तुम्ही ते सुख सोडाल असं वाटत नाही.

किल्ल्याखालची (ग्वाल्हेर)

छावणीतल्या ताई, तुमचं मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. सोळा वर्षांच्या मुलीपाशी तिनं मला थांबवलं आणि म्हणाली, ‘मी तो टेबलक्लॉथ भरला तेव्हा सतराची होते.’ मग बराच वेळ काही बोलली नाही. नंतर सांगितलं की फूल तिनं तिच्या मावशीच्या उशीच्या अभ्र्यावरून उतरवलं होतं, आणि मावशीनं कुठून आणलं ते तिला ठाऊक नाही. हे मी आजवर कधी विचारलंच नव्हतं.

नळी उलटी करून विणायचं मी ऐकलं, पण खरंच, फूल समोर हवं. धागे लांब ठेवायला बोटांनी टाके पसरणं पुरतं मला.

डावा उसवला. सगळा नाही, मनगटाची पट्टी एकरंगी, तिला काही झालेलं नव्हतं. वाढवलेल्या आठ टाक्यांपर्यंत आले आणि तिथे सगळे टाके परत सुयांवर घेतले. उसवलेली लोकर नागमोडी झाली होती. तशीच विणली तर टाके वाकडे पडतात. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली, चार जागी सैल बांधली, कोमट पाण्यातून काढली आणि गच्चीच्या दोरीवर टांगून खाली एक हलकी वाटी बांधली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सरळ झाली. दोन रंगांचं उसवताना दोन गुंडे एकदम गुंडाळावे लागतात, तेव्हा आई बसली होती समोर, मोतियाचा गुंडा तिनं गुंडाळला. बोटं वळत नाहीत, तळव्यांत धरून फिरवत होती.

आता मोतिया डाव्या हातात, मरून उजव्या. पहिले दोन फेर हात अडखळला, कारण सहा संध्याकाळी उलट सवय लागली होती. बाराव्या फेराला फूल दिसायला लागलं आणि मी दिवा लावून उजव्याशेजारी धरून बघितलं. तसंच आहे. पुढे आलेलं. इंदूरच्या ताईंचं ऐकून आता दर तीन टाक्यांनी मागचा धागा अडकवते, प्रत्येक फेरात वेगळ्या जागी. आईनं घालून बघितला अर्धाच, सुयांसकट, आणि म्हणाली, ‘आत काही टोचत नाही.’

५२ फेर सरळ झाले, मग शेंड्याला दर फेरात चार टाके कमी करत १४ फेर, ६४चे ८ उरले, दोरा ओवून ओढून घेतले. तेही काल झालं. आता फक्त अंगठा राहिलाय. विणताना १३ टाके वेगळ्या दोऱ्यानं विणून ठेवले होते, तो दोरा काढला की खालचे-वरचे मोकळे होतात, कोपऱ्यात एकदोन उचलले की २८. अंगठ्यावर फूल मावत नाही, म्हणून तळव्याचीच चौकट वर नेणार आहे. मरून १५ ग्रॅम उरलीय, पुरेल.

धुकं आज साडेअकराला फाटलं. आई गच्चीवर बसलीय, उजवा हातमोजा घालून, आणि डाव्या हाताला ऊब मिळावी म्हणून तो हात त्याच्यावर ठेवलाय. मी सुया घेऊन वर चाललेय.